माळव्याच्या गोणपाटाला जागा द्या

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या शहरात राहते. आमच्या कोपऱ्यावर रोज पहिल्या एसटीने एक मावशी माळवं घेऊन येतात. मेथी, शेपू, आंबट चुका, पावसाळ्यात तांदुळजा. अकराच्या सुमारास ऊन गोणपाटावर येतं, तेव्हा त्या आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी जुड्यांवर शिंपडतात. तिसऱ्या प्रहरी मेथी मान टाकते आणि उरलेल्या जुड्या गाईपुढे जातात. मागच्या महिन्यात अतिक्रमणाची गाडी आली आणि गोणपाटासकट सगळं उचलून नेलं. पुढचे चार दिवस मावशी आल्याच नाहीत. मला ते अजून बोचतंय.

साहेब, आमची शिवारं सोयाबीन-कापसाने भरलीत. त्यांचा पैसा वर्षातून एकदा, तोही भाव टिकला तर. विहिरीजवळच्या चार वाफ्यांतलं माळवं मात्र रोजचं नगद देतं आणि ते नगद बाईच्या हातात येतं. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, चांगलंच झालं. पण विकायला बसायचं कुठे? वीस जुड्या घेऊन आडतीवर हर्राशीला जाणं मावशींना परवडत नाही.

पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. रहिवासी संघटना आणि स्वयंसेवी संस्थांनाही तिच्यात स्थान आहे. म्हणजे विकणारे, घेणारे आणि पालिका एकाच सतरंजीवर. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बाया तयार आहेत. जागा आम्ही झाडू, काटा आम्ही ठेवू, देठ-पाला वेगळा काढून खत करू आणि ते त्याच वाफ्यांना परत पाठवू. शेजारच्या चार गावांतल्या बाया आठवड्यातून तीन दिवस आल्या तरी आमच्या प्रभागाला ताजी पालेभाजी पुरेल.

आम्हाला पालिकेचा एखादा पडीक भूखंड, वर पत्रे आणि एक नळ एवढंच हवं. समितीची बैठक लावण्याचे आदेश द्या, मावशींना आम्ही घेऊन येतो. त्यांच्या गावची पहिली गाडी साडेपाचला निघते, जागेचं फाटक तेवढं सहाला उघडं असावं.

आपली,
बचत गटातील एक सदस्य