विषकन्या म्हणून छापलंत, आता रिपोर्ट पण छापा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात पहिल्याच पानावर बातमी होती, बाजूच्या जिल्ह्यातल्या एका बाईचा दुसरा नवरा वारला, पहिला पण असाच अचानक गेलता, म्हणून पोलिसांनी तिला चौकशीला बोलावलं. बातमी बरोबर असंल, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण वर हेडिंग "विषकन्या" आणि पार खाली शेवटच्या ओळीत "व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे" (व्हिसेरा म्हणजे तपासणीला काढून ठेवलेले पोटातले अवयव). म्हणजे रिपोर्ट यायचाय अजून आणि निकाल तुम्ही लावून मोकळे. आमच्या पारावर तर दुपारपर्यंत फाशी पण देऊन झाली. मागं २०२५ च्या मार्चमध्ये मेरठचं ते निळ्या ड्रमचं प्रकरण झालं, बायकोनं नवऱ्याला मारून ड्रममध्ये भरल्याचा आरोप होता ते, तेव्हापासून तर विचारूच नका, गावात कुणी ड्रम विकत आणला तरी पोरं त्याच्या बायकोकडं बघून हसतेत.

मी अठरा वर्षं पोलिस पाटील होतो, आता रिटायर आहे. मयताचे पंचनामे किती केले त्याचा हिशोब नाही, विहिरीतले, झाडाचे, शॉकचे, औषध पिलेले. पण एक पंचनामा अजून डोक्यातून जात नाही म्हणून हे लिहायलोय, जरा लांबलं तर कापू नका.

२०१८ चा श्रावण. आमच्या गावातल्या एका बाईचा दुसरा नवरा रात्रीत गेला. तिचा पहिला नवरा चार वर्षं आधी कर्जापायी औषध पिऊन गेलता, त्याची सरकारी मदत एक लाख मिळाली ती पण सासरच्यांनीच ठेवून घेतली. मग तिच्या भावानं आमच्या गावातल्या एका ट्रॅक्टर ड्रायव्हरबरोबर तिचा पाट लावून दिला, त्याची पण पहिली बायको नव्हती. माणूस चांगला, दीड एकर शेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या दिवशी लाईट नव्हती म्हणून खाली वाकळ टाकून झोपला. रात्री दोनला उठला, पोटात दुखायलंय म्हणला, उलटी झाली. ती घरात होतं ते गॅसचं औषध पाजली. थोड्या वेळानं डोळे उघडंनात, जीभ जड झाली, जीप मिळून ग्रामीण रुग्णालयात जाईस्तोवर खेळ संपला.

आता गंमत बघा, गंमत म्हणायची का नाही ते तुम्हीच ठरवा. आपल्याकडं फवारणीच्या विषाला पण औषधच म्हणतेत. जमादारापुढं ती रडत रडत म्हणली, "पोटात दुखतंय म्हणले म्हणून मी औषध दिले साहेब." एवढंच वाक्य. दवाखान्याच्या गेटाबाहेर गेलं तेव्हा त्याचं झालतं, "बाई सोता कबूल केली, औषध दिले म्हणून." संध्याकाळी ते पाच गावांत. पहिला पण औषधानंच गेला, दुसरा पण औषधानंच. पांढऱ्या पायाची हाय, एक गिळली, दोन गिळली. त्यात त्याच्या बँक खात्यातून जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ३३० रुपये कटत होते, मेल्यावर वारसाला दोन लाख. तिला तर ते माहीत पण नव्हतं, बँकेतल्या मॅडमनं तेराव्यानंतर सांगितलं. पण गावाला कारण सापडलं की.

आणि माझा गुन्हा आता सांगतो. जमादार मला विचारले, "पाटील, गावात काय चर्चा आहे?" मी म्हणलो, "चर्चा तर आहे साहेब." चार शब्द. खोटं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पेपरात (तुमच्या नाही, दुसऱ्या) आलं, पत्नीनेच विष दिल्याची गावात चर्चा, पोलिस पाटलांची माहिती. मी माहिती काय दिली होती? तिच्या दिरानं मला सकाळी धरून सांगितलेलं तेच मी पुढं ढकललं.

पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम झालं. डॉक्टर तरुण होता, नीट काम केला. पोट, आतडी, काळीज, किडनीचे तुकडे मिठाच्या पाण्याच्या बरण्यांत घालून सील केला आणि मरणाचं कारण राखून ठेवला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणला, पाटील, हे मण्यारचं पण असू शकतं. मण्यार रात्री खाली झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण पण कधी कधी दिसत नाही, आधी पोटच दुखतं, मग पापण्या पडतेत, मग श्वास बंद. मी म्हणलो, मग लिहा की तसं. तो म्हणला, खूण सापडल्याशिवाय कसं लिहू, आणि बरणीतल्या तपासणीत सापाचं विष असं सहज निघत पण नाही. बरोबरच बोलला तो. पण गाव खूण शोधायला थांबत नाही ना.

सीए रिपोर्ट, म्हणजे त्या बरण्यांचा लॅबमधला रासायनिक तपासणीचा रिपोर्ट, यायला चौदा महिने लागले. त्यातले किती दिवस त्या बरण्या ठाण्याच्या खोलीतच होत्या ते मला माहीत आहे पण सोडा. रिपोर्टमध्ये एक ओळ, विष आढळून आले नाही. तोवर ती माहेरी गेलती, तिथं पण भावजयीनं ठेवून घेतलं नाही, मग मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला. दीड एकराचा फेरफार अडकून, कारण दिरानं तलाठ्याकडं अर्ज टाकला की केस चालू आहे. मला नंतर एका वकिलानं सांगितलं, हिंदू वारसा कायदा १९५६ चं कलम २५ आहे, ज्यानं खून केला त्याला मयताचा वारसा मिळत नाही. मग माझी ट्यूब पेटली की दिराला गावातल्या चर्चेची एवढी घाई का होती. तो खोटंच बोलत होता असं मी म्हणत नाही, त्याचा भाऊ गेलता, त्याला खरंच वाटत पण असंल. दोन्ही असू शकतं एकदाच. रिपोर्टची झेरॉक्स मी त्याला नेऊन दाखवली तर घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणला, "लॅबवाल्यांला पैसे चारली असंल."

माझ्या भाचीची पोरगी संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत शिकते. तिला हे सांगितलं तर ती म्हणली आजोबा, हे जगात आधी पण झालंय. फ्रान्समध्ये लूदां नावाचं गाव, तिथली मारी बेनार म्हणून बाई. तिचे दोन नवरे वारले, पहिला १९२७ ला, दुसरा १९४७ ला. ओळखीची एक बाई म्हणली, मारीचा दुसरा नवरा मरायच्या आधी मला बोलला की बायकोनं सूप वाढलं त्या ताटलीत आधीच काहीतरी होतं. झालं, गावभर. १९४९ ला अटक, कबरी उकरल्या, आई, सासू, नातेवाईक धरून डझनावर माणसं मारली असा आरोप, कारण सगळ्यांच्यात आर्सेनिक म्हणून विष निघालं. पहिल्या खटल्यात मोठे तज्ज्ञ साक्षीला आले, म्हणले मी तपासणीच्या नळीतला आर्सेनिकचा डाग नुसत्या डोळ्यानं ओळखतो. वकिलानं त्यांच्याच हातात नळ्या दिल्या, त्यांनी आर्सेनिकच्या म्हणून बाजूला काढल्या त्या निघाल्या अँटिमनी नावाच्या दुसऱ्याच पदार्थाच्या! मग कळलं की कब्रस्तानच्या मातीतच आर्सेनिक आहे आणि ते पाण्याबरोबर मढ्यात उतरू शकतं. तीन वेळा खटला चालला, पाच वर्षांच्या आसपास बाई आत होती आणि १९६१ च्या डिसेंबरात निर्दोष सुटली. तिनं केलं का नाही हे देवाला माहीत. पण कोर्टाला मातीपर्यंत जावं लागलं. आपल्याकडं तर बहुतेकांना जाळतेत, उकरायला पण काही उरत नाही, लिंगायत आणि मुसलमान सोडले तर.

आता कुणी म्हणंल पाटील बायकांची बाजू घ्यायलेत. तसं नाही. मारणाऱ्या पण असतेत. जपानमध्ये काकेही नावाची बाई होती, लग्नाला महिना दोन महिने झाले की नवरा गेला, रक्तात सायनाईड निघालं, आधीचे दोन जोडीदार पण तिनंच मारले असं कोर्टात ठरलं आणि २०१७ ला सत्तर वर्षांची असताना फाशीची शिक्षा झाली. आपल्या देशातलं केरळचं कूडथायी बघा, कोळिकोड जिल्ह्यातलं. एकाच घराच्या नात्यातली सहा माणसं २००२ ते २०१६ मध्ये गेली आणि कुणाला काही वाटलं नाही, का तर घरची सून शिकलेली, चर्चला जाणारी, कॉलेजात शिकवते म्हणून सांगायची. पीएम झालं ते फक्त तिच्या नवऱ्याचं, २०११ ला, त्यात सायनाईड निघालं तरी आत्महत्या म्हणून फाईल बंद. मग मयताच्या भावानं तक्रार लावून धरली, २०१९ च्या ऑक्टोबरात कबरी उकरल्या आणि सुनेला अटक झाली. म्हणजे तिथं संशय घ्यायला पाहिजे होता तर घेतला नाही, कारण ती सभ्य. आमच्याकडं गरीब, पाटाची, ऊसतोडीची, तर पहिल्या रात्रीच खुनी. दोन्हीकडं बाईचं तोंड बघून ठरवलं, बरणी कुणी बघितलीच नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच. पहिलं, गावोगावी आमचेच लोक हात जोडतेत, "पीएम नको साहेब, बॉडी ताब्यात द्या", ते बंद करायला पेपरानं लिहावं. मी स्वतः कमीत कमी तीन वेळा असे हात जोडलेत, आता पटत नाही. दुसरं, बरण्या ठाण्यातून कधी निघाल्या, लॅबला कधी पोचल्या, रिपोर्ट कधी आला ह्या तारखा तुमच्या वार्ताहरानं विचाराव्यात, नुसतं गावात काय चर्चा आहे ते विचारू नये, चर्चा आम्ही फुकट देतो. आणि तिसरं, त्या बाजूच्या जिल्ह्यातल्या बाईचा रिपोर्ट येईल तेव्हा विष निघू द्या नाहीतर न निघू द्या, पहिल्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. आमच्या गावातल्या बाईचा रिपोर्ट कुणीच छापला नाही, मी स्वतः त्या पेपरच्या तालुक्याच्या ऑफिसात घेऊन गेलतो, तिथला पोरगा म्हणला, काका ह्यात बातमी काय आहे.

तुमचं कात्रण मी वहीत चिकटवून तारीख टाकून ठेवलंय, शेजारचं पान कोरं सोडलंय.

आपला,
एक रिटायर पोलिस पाटील
ता. औसा, जि. लातूर
(नाव छापू नका, दीर अजून रोज पारावर असतो)