सुपरसिमेट्री ‘मेली’ असं छापताना अट पण छापा

संपादक साहेब, नमस्कार,

जिनिव्हाजवळच्या एलएचसी या प्रोटॉनच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रातून सुपरसिमेट्री या मूलकणांबद्दलच्या थिअरीच्या शोधाचे नवीन निकाल आले की बातमीचं हेडिंग बहुतेक वेळा ठरलेलं असतं, ‘काहीच सापडलं नाही’ किंवा ‘थिअरी मेली’. हे वाचून खरंच वाईट वाटतं. सापडलं नाही हे खरंच आहे, पण कुठे शोधलं आणि काय गृहीत धरून शोधलं हे बातमीत नसेल तर वाचकाच्या हाती काय लागलं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही कल्पना 1970 च्या दशकातली, 1974 मध्ये वेस आणि झुमिनो या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडल्यावर तिने जोर धरला. प्रत्येक मूलकणाला अर्ध्याने वेगळा स्पिन (कणाचा एक अंगभूत गुण, जणू स्वतःभोवती फिरणं) असलेला एक जोडीदार असावा, क्वार्कला स्क्वार्क, ग्लुऑनला ग्लुइनो, टॉप क्वार्कला स्टॉप. आता एवढे कण कशाला हवेत? तर हिग्ज बोसॉनचं वस्तुमान 125 जीईव्ही (एक जीईव्ही म्हणजे साधारण एका प्रोटॉनचं वस्तुमान) भरलं, पण टॉपसारख्या जड कणांचा परिणाम धरून गणित केलं तर ते कुठल्या कुठे वर जायला पाहिजे, आणि स्टॉप असेल तर तो हा परिणाम बराचसा खोडून काढतो. शिवाय सगळ्यात हलका जोडीदार टिकाऊ असेल तर तोच डार्क मॅटर, म्हणजे विश्वातला न दिसणारा पदार्थ, असू शकतो. म्हणून इतकी वर्षं लोक यामागे आहेत.

आता शोधतात कसं, कारण मला वाटतं बातमीचा खरा मसाला इथेच आहे. 27 किलोमीटरच्या रिंगमध्ये प्रोटॉन समोरासमोर येतात, त्यांच्या वाटेला आडव्या दिशेने त्यांचा संवेग जवळपास शून्य, म्हणजे टकरीनंतर जे काही बाहेर उडेल त्याची आडवी बेरीजही शून्यच यायला पाहिजे. एका बाजूला कणांचे जोरदार झोत गेले आणि समोर काहीच दिसलं नाही, तर काहीतरी डिटेक्टरला न शिवता निसटलंय. वर म्हटलेला सगळ्यात हलका जोडीदार, बहुधा न्यूट्रलिनो नावाचा कण, असाच निसटेल असा अंदाज आहे. पण गोची अशी की न्यूट्रिनो हे आधीपासून माहीत असलेले कण पण अगदी असेच निसटतात, झेड बोसॉन फुटून दोन न्यूट्रिनो झाले की चित्र डिट्टो तेच दिसतं. त्यामुळे ॲटलस आणि सीएमएस या एलएचसीवरच्या दोन मोठ्या प्रयोगांच्या लोकांची बरीचशी मेहनत हे नेहमीचे, ओळखीचे प्रकार किती होतील ते मोजण्यात जाते, आणि तो आकडा पक्का होईपर्यंत जिथे नवीन कण दिसायची शक्यता आहे तो डेटा ते उघडतच नाहीत, म्हणजे आपल्याला हवं तेच दिसलं असं व्हायला नको. ही शिस्त मला फार मोठी वाटते आणि तिच्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही!

इतकं करून निकाल येतो तो असा, न्यूट्रलिनो हलका असेल तर ग्लुइनो 2 टीईव्हीच्या (1 टीईव्ही म्हणजे 1000 जीईव्ही) खाली नाही, म्हणजे प्रोटॉनच्या दोन हजार पटीपेक्षा जास्त जड, आणि स्टॉप साधारण 1.2 टीईव्हीपर्यंत नाही. यातला ‘असेल तर’ हाच भाग बातमीतून गायब होतो. स्टॉप आणि न्यूट्रलिनो यांची वस्तुमानं जवळजवळ सारखी असतील तर बाहेर पडणारे कण अगदी मंद असतात आणि तीच मर्यादा बरीच खाली येते, हिग्सिनोसारख्या (हिग्जचा जोडीदार) कणांसाठी तर ती अजून शे-दोनशे जीईव्हीच्या आसपासच आहे. त्यात सेकंदाला 4 कोटी वेळा प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातात आणि त्यातले जेमतेम काही हजार प्रसंगच पूर्ण साठवले जातात, तेव्हा मंद कणांवाला प्रसंग तिथल्या तिथे टाकला जाण्याची भीती असतेच. काही कण आधी थोडं अंतर जाऊन मग फुटत असतील तर त्यासाठी वेगळा शोध लागतो, अर्धवट तुटलेले ट्रॅक बघावे लागतात, तेही काम चालू आहे.

दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर माझंही म्हणणं एकतर्फी होईल. स्टॉप जितका जड, तितकं ते हिग्जचं गणित जुळवायला ओढाताण जास्त, आणि एलएचसी सुरू होताना अनेकांना जी सोपी, लगेच सापडेल अशी सुपरसिमेट्री अपेक्षित होती तिला मोठा धक्का बसलाय. हे छापाच. डिसेंबर 2015 मध्ये 750 जीईव्हीला फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) जोड्यांच्या आलेखात उंचवटा, म्हणजे नवीन कणाची चाहूल, दिसला तेव्हा शेकडो पेपर लिहिले गेले आणि ऑगस्ट 2016 मध्ये जास्त डेटा आल्यावर तो उंचवटाच राहिला नाही, म्हणजे उतावळेपणा शास्त्रज्ञांकडून पण होतो.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी अशी बातमी घ्याल तेव्हा तीन गोष्टी द्या, कोणता कण शोधला, किती वस्तुमानापर्यंत नाकारला, आणि कोणत्या अटीवर. दोन वाक्यांत बसतं हे. एलएचसीचं जास्त टकरी देणारं सुधारित रूप यायचंय, त्याच्या डेटातून असे निकाल पुढची अनेक वर्षं येत राहणार, तर ही सवय आत्ताच लावून घेतली तर बरं.

आपला,
विज्ञानाच्या बातम्या आवर्जून वाचणारा एक वाचक