केतकीस पत्र : गॅरेजसाठी चाकांवरचे हत्यारांचे कपाट

चिंचवड, पुणे

चि. सौ. केतकी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली हत्यारांच्या तिन्ही कपाटांची छायाचित्रे आणि गॅरेजची मापे मी सावकाश पाहिली. कोणते घ्यावे याचे माझे मत आधी सांगतो आणि कारणे मागाहून लिहितो. ७२ इंच रुंदीचे ते मोठे कपाट घेऊ नये, २६ इंचांचे दोन मजली कपाटही घेऊ नये, आणि ४६ इंच रुंदीचे एकसंध कपाट घ्यावे. मात्र ते २४ इंच खोलीचे न घेता १८ इंच खोलीचे घ्यावे.

खोलीचा, म्हणजे पुढून मागपर्यंतच्या मापाचा, मुद्दा आधी घेतो, कारण दुकानात रुंदी डोळ्यांत भरते आणि घरी आल्यावर अडचण होते ती खोलीची. तुझे गॅरेज आत २० फूट लांब आहे आणि तुमची गाडी सुमारे १५ फुटांची, म्हणजे गाडी आत असताना समोरच्या भिंतीपाशी ५ फूट जागा उरते. कपाट २ फूट खोल असेल, तर पूर्ण उघडलेला खण जवळजवळ आणखी २ फूट पुढे येतो, आणि त्याच्यासमोर उभे राहून वाकायला माणसाला किमान दीड फूट लागतो. ही बेरीज साडेपाच फुटांवर जाते. तेच कपाट दीड फूट खोलीचे असेल, तर साडेचार फुटांत सगळे बसते. तुमच्या मिशिगनच्या थंडीत एक पाना काढण्यासाठी दर वेळी गाडी बाहेर काढावी लागली, तर काही महिन्यांत हत्यारे पुन्हा स्वयंपाकघरातल्या खणात येऊन पडतील. जास्त खोलीच्या कपाटात मोठे टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळायचे पाने) आणि ब्रेकर बार (घट्ट बोल्ट सोडवायचे लांब दांडे) आडवेतिडवे कसेही मावतात हे खरे आहे, परंतु ४६ इंच रुंदीच्या खणात ते लांबीने सहज बसतात.

आता खणांविषयी, आणि हे मात्र प्रत्यक्ष दुकानात जाऊन हाताने तपासल्यावाचून ठरवू नकोस. खण ज्या चॅनेलवर सरकतो ते बॉल बेअरिंगचे हवे. पत्र्यावर पत्रा घासत सरकणारे खण भार पडला की अडतात. खण पूर्ण बाहेर ओढ आणि त्याचे पुढचे दोन्ही कोपरे आळीपाळीने खाली दाब. चांगला खण किंचित लवतो आणि तत्काळ जागेवर येतो. वाईट खणाचा एक कोपरा खाली जातो, दुसरा वर उचलला जातो आणि बंद करताना तो तिरका अडकतो. खण पूर्ण बाहेर येतो की तीन चतुर्थांशच येतो, हेही पाहा, कारण मागच्या पाव भागात ठेवलेली वस्तू कधी हाती लागत नाही. चांगल्या घरगुती कपाटांत एका खणाची भारक्षमता साधारण १०० पौंड, म्हणजे ४५ किलो असते, आणि रुंद खणांना काही कंपन्या दोन्ही बाजूंना दुहेरी चॅनेल देतात. तसे असल्यास उत्तम. मात्र सगळ्या खणांची बेरीज म्हणजे कपाटाची भारक्षमता असे समजू नकोस. ती वेगळी लिहिलेली असते, आणि चाके व तळ किती भार सोसतात यावर ती ठरते.

पत्रा १८ गेजचा आहे की २० गेजचा, हे विचारून घे. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर आणि २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर. पुष्कळदा सांगाडा जाड आणि खण पातळ पत्र्याचे असतात, म्हणून आकडा कशाचा आहे हेही विचार. विक्रेत्याला सांगता आले नाही, तर एकाच मापाच्या दोन कपाटांची वजने ताडून पाहा. जड असते त्यात सहसा पत्रा जास्त वापरलेला असतो. रंग कोणताही घे, त्यावर वेळ घालवू नकोस.

चाकांसाठी मात्र दुकानात खाली बसून कपाटाचा तळ पाहावा लागेल. चाके ५ इंच व्यासाची असावीत, दोन फिरती व दोन स्थिर, आणि फिरत्या दोन्ही चाकांना ब्रेक असावा. चाकाची पट्टी चार बोल्टांनी बसवलेली असावी आणि ती नुसत्या तळाच्या पत्र्याला नव्हे, तर वेल्ड केलेल्या आडव्या चॅनेलला धरलेली असावी. अमेरिकेत घरांच्या गॅरेजची फरशी गाडीच्या दाराकडे किंवा गटाराच्या जाळीकडे उतरती करतात, पाणी वाहून जावे म्हणून. त्या उतारावर ब्रेक नसलेले भरलेले कपाट एकाच जागी राहील याची खात्री नाही, आणि खणांना बंद स्थितीत धरून ठेवणारा खटका नसेल, तर खणही आपोआप उघडतात.

कपाट कलंडण्याविषयी मी जरा अधिक लिहितो, कारण चि. ईशान आता चार वर्षांचा आहे आणि अर्धवट उघडे खण त्याला पायऱ्यांसारखे दिसतील. आमच्या कारखान्याच्या टूल रूममध्ये, म्हणजे हत्यारांच्या विभागात, पक्का नियम होता की एका वेळी एकच खण उघडायचा. भरलेले दोन-तीन खण एकदम बाहेर आले की सगळा भार पुढच्या चाकांच्याही पुढे जातो आणि कपाट पुढे कलते. एक खण उघडल्यावर बाकीचे आपोआप अडकवणारी व्यवस्था औद्योगिक कपाटांत असते, घरगुती कपाटांत क्वचित मिळते. मिळाली तर तिच्यासाठी थोडे जास्त पैसे दे. १८ इंच खोलीचे कपाट २४ इंचांच्या कपाटापेक्षा लवकर कलते, हे मी नाकारत नाही. म्हणूनच ड्रिल, ग्राइंडर, हातोड्या असे सगळे जड सामान तळाच्या खणांत, आणि पान्याचे सॉकेट, पेचकस, पकडी वरच्या उथळ खणांत ठेवावे. काम झाले की कुलूप लावावे आणि किल्ली घरात उंचावर ठेवावी. दोन मजली कपाट मी याच कारणाने नाकारले: २६ इंचांच्या तळावर वरचा मजला भरला की भार सगळा उंच जातो. हलवताना खण बंद करून, कुलूप लावून, ढकलत न्यावे, आपल्याकडे ओढू नये.

तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ गाडीच्या चाकांबरोबर गॅरेजात येते, आणि वसंतात दमट हवा गार लोखंडाला लागली की त्यावर दव धरते. कारखान्यात आमच्यापैकी काहीजण व्हर्नियरच्या (बारीक मापे घेण्याच्या साधनाच्या) खणात कापराची वडी ठेवत. तू प्रत्येक खणात रबरी अस्तर आणि गंजरोधक व्हीसीआय कागद घाल, आणि कानशी व पाने ठेवण्यापूर्वी तेलाच्या फडक्याने पुसून घे. फरशी किंवा पोहण्याचा तलाव साफ करण्याचे आम्ल त्या कपाटाजवळ कधीही ठेवू नये. बाटली बंद असली तरी त्याच्या वाफेने लोखंड फार लवकर गंजते. खणात प्लग लावण्याची विजेची पट्टी असलेले कपाट निखिलरावांना आवडले आहे, त्याला माझा विरोध नाही, पण हत्यारांच्या लिथियमच्या बॅटऱ्या शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करू नयेत, म्हणून डिसेंबर ते मार्च त्या घरातच चार्ज कराव्यात.

माल पॅलेटवर (लाकडी फळ्यांच्या चौकटीवर) येईल आणि जड असेल. आधी सगळे खण काढून घ्या, म्हणजे दोघांना तो हलवता येईल. खण पूर्ण ओढल्यावर दोन्ही चॅनेलवर एकेक छोटी खिटी दिसते. पुष्कळ कपाटांत एक वर उचलायची आणि दुसरी खाली दाबायची असते, दोन्ही एकाच दिशेने दाबून जोर करू नका.

पैसे भरण्यापूर्वी एकच माप मला अजून हवे आहे. तुझ्या रेखाटनात विजेचे पॅनेल त्याच भिंतीवर दिसते, आणि तुमच्या वीज-नियमांप्रमाणे पॅनेलसमोर ३ फूट खोल व किमान ३० इंच रुंद जागा कायम मोकळी ठेवावी लागते; कपाटाला चाके आहेत म्हणून त्यातून सवलत मिळत नाही. पॅनेलच्या कडेपासून डाव्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजून रविवारी फोनवर सांग. ते ४६ इंचांपेक्षा कमी भरले, तर आपण ४१-४२ इंचांची कपाटे पाहू.

निखिलरावांना नमस्कार आणि ईशानला अनेक आशीर्वाद.

तुझा,
बाबा