फॉर्मवरचं 'नाही' खोड

पुणे, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "डॉक्टरांच्या फॉर्मवर होतं, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झालाय का. मी 'नाही' लिहिलं, आईकडे कुणालाच नाही." मी 'हं' म्हणालो आणि विषय पावसावर नेला. तिथे चुकलो. आता फोनवर धीर होत नाही, म्हणून पत्र.

तुझी आजी 'छातीच्या दुखण्याने' गेली असं आम्ही सांगत आलो. ते दुखणं म्हणजे हेच. १९८३ साली तिचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कॉलेजात होतो, मलाही कुणी तो शब्द सांगितला नव्हता. गाठ तिने कितीतरी महिने पदराआड ठेवली होती. मग सगळा स्तन, खालचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी, सगळंच काढावं लागलं. ग्रंथी गेल्यामुळे उजवा हात असा सुजला की तुळशीबागेतल्या कासाराने बांगड्या कापून काढल्या. त्या हातात पुन्हा बांगडी चढली नाही. ब्लाउजात कापूस भरून ती हळदीकुंकवाला जायची, हात पदराखाली.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८१ साली, इटलीत व्हेरोनेसी नावाच्या सर्जननी दाखवून दिलं होतं की गाठ लहान असेल तर तेवढाच भाग काढून रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते. आजीची लहान उरली नव्हती, त्यामुळे तिला उपयोग झाला असता असं नाही म्हणत. पण लपवण्याचे ते महिने मला अजून मोजावेसे वाटतात.

आता तुझी आत्या. तिला अल्सर झालाय असं तुला सांगितलं, तेही खोटं. ताईला आधी केमो दिली, गाठ आक्रसली, मग तेवढीच काढली. स्तनात निळा रंग टोचतात, तो काखेतल्या ज्या ग्रंथींत आधी पोचतो त्या दोन-तीनच काढून कॅन्सर तिथे पसरलाय का ते तपासतात. ताईच्या स्वच्छ निघाल्या, बाकीच्यांना हात लावला नाही. या सगळ्यात मला तो निळा रंगच जास्त आवडला. संक्रांतीला ताईच्या दोन्ही हातांत बांगड्या होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो.

तिचा कॅन्सर 'ट्रिपल निगेटिव्ह' निघाला. म्हणजे हार्मोनच्या गोळ्या किंवा हर्सेप्टिन नावाचं औषध लागू पडेल असं त्याच्यात काहीच नाही. असा निघाला की डॉक्टर जनुकाची चाचणी करून घ्या म्हणतात. ताईच्या रिपोर्टात बीआरसीए-१ नावाच्या जनुकात बिघाड सापडला. स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेलं असं जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे हे मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली दाखवलं. आजी गेली तेव्हा याचा पत्ताच नव्हता.

हा बिघाड पुरुषाकडूनही तसाच उतरतो. ताईकडे आहे म्हणजे माझ्याकडे असण्याची शक्यता निम्मी, आणि माझ्याकडे असला तर तुझ्याकडे निम्मी. तू आईकडची यादी पाहिलीस. यादी माझ्याकडे होती.

गुरुवारी कर्वे रोडवर रक्त देऊन आलो. रिपोर्टला तीन आठवडे. माझ्यात नसेल तर या बिघाडाची काळजी मिटली, बाकी सगळ्या बायकांना असतो तेवढा धोका राहतोच. असेल तर तुझी चाचणी, आधी समुपदेशकाशी बोलून. तुझ्यातही निघाला तर दरवर्षी स्तनांचा एमआरआय करावा लागेल, आणि बीजकोशांचाही विचार करावा लागेल, कारण त्यांच्या कॅन्सरचा धोकाही हाच बिघाड वाढवतो. घाबरवायला लिहीत नाही. चौतिसाव्या वर्षी कळलेलं आणि चोपन्नाव्या वर्षी कळलेलं यात फरक आहे.

ताईला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिही, पेपरात छापलंस तरी चालेल."

फॉर्मवर 'नाही' खोडून लिही: वडिलांची आई, वय ४७. वडिलांची बहीण, वय ५४. आणि फोटो काढून मला पाठव.

तुझा,
बाबा