बाळू, बंदूक वाजली नाही

देवगड,
१८ डिसेंबर

प्रिय बाळू,

शिमग्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. गणपतीत आला नाहीस म्हणून राग धरून बसलो होतो. तो राग आता उरला नाही. घरी सगळी बरी आहेत, हिचा गुडघा आहे तसाच.

पंधरा दिवसांपूर्वी रात्री बंदूक वाजली नाही.

सड्याखालच्या मांगराकडे करांदे नि कणगीचे कंद उकरायला डुकरं रोज येत होती. या खेपेला माडाची नवी रोपंही मुळासकट उपटली. मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ती अजून हातात नाही. तेव्हा नुसता बार काढून पळवायची, एवढंच मनात होतं. पुतण्या बॅटरी घेऊन शेजारी. सुळेवाला नर आळ्यात उभा, पंधरा पावलांवर. नळी आभाळाकडे करून चाप ओढला. टक्. पुढे काही नाही. बॅटरीच्या उजेडाने बिथरून डुक्कर आमच्याच अंगावर आलं. पोराने गडग्यावर उडी टाकली म्हणून वाचला. माझ्या पोटरीला डुकराचे राठ केस घासून गेले.

डुक्कर गेल्यावर पोरगा ओरडत होता, "काका, खोल नि बघ!" मी नळी वरच धरून मनात साठ मोजले, मगच खोलली. का मोजले, ते तुला सांगायला नको.

सकाळी काडतूस उजेडात धरलं. पितळी बुडाच्या मधल्या टोपीवर नख टेकवावं एवढीच खूण. चाप ओढल्यावर टोपीवर आदळते ती पिन पोचली होती, पण तिच्यात जोर नव्हता. कोल्हापूरच्या मिस्त्रीने खोलून दाखवलं तेव्हा स्प्रिंग पांढऱ्या लोण्यात रुतल्यासारखी बसली होती. खोबरेल! बंदुकीचं तेल संपलं होतं म्हणून भाद्रपदात मीच घातलं होतं. २४ अंशांच्या खाली ते थिजतं. थंडीत न्हाणीतली बाटली रोज उन्हात ठेवतो मी, आणि हे सुचलं नाही. मिस्त्री सांगत होता, बर्फाच्या मुलखात शिकारीला जाणारे रायफलचा बोल्ट पार कोरडा पुसून नेतात, कारण तिथे साधं तेलसुद्धा घट्ट होऊन पिन मंद करतं.

आता दुसरी बंदूक घ्यायची म्हणतोय. परवान्यावर दोन बसतात, २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत तीन बसायच्या. पण कोणती घ्यायची, यावर झोप उडाली आहे. पुतण्याला ३१५ ची रायफल हवी. ईशापूरची, जुन्या ली-एनफील्डच्या बांधणीची. ३०३ लष्कराची गोळी म्हणून आपल्याला मिळत नव्हती, तेव्हा त्याच बांधणीवर ही काढली. बोल्ट दणकट, गंज चढला तरी ओढून काडतूस बाहेर काढेल, हे मला मान्य आहे. दूरच्या रानात, जिथे मैलभर माणूस नाही, तिथे मी तीच घेतली असती. पण तिची गोळी मैलाच्याही पुढे जाते, आणि आपल्या पऱ्ह्यापलीकडे वाडी आहे रे! एक गोळी कातळावरून उडाली तर कुणाच्या पडवीत जाईल?

मला दुनळी हवी. बारा बोअर, दोन चापांची. दोन्ही नळ्यांचं यंत्र वेगळं, एक फसली तर दुसरी हाताशी. बाबांचं आठवतं ना? "वाजतली ती बंदूक, बाकी सगळे दांडे." पावसात कागदी काडतुसं फुगून नळीत अडकायची, म्हणून ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे, आणि आईने एकदा तांदळासोबत एक धुवायला घेतलं होतं! तू हसून हसून पडवीतून खाली पडला होतास. हल्ली प्लास्टिकची येतात, ती फुगत नाहीत. पण खारा वारा लोखंडाला सोडत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीला बंदूक जमा केली होती, ऐन भात पिकल्यावर. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली नि २० नोव्हेंबरला मतदान. परत मिळाली तेव्हा नळीत लाल पूड होती.

तू सांग. पुतण्या तुझं ऐकतो, माझं नाही.

लेकीचं लग्न ठरलं ते कळलं, फार आनंद झाला. मुलगा चिपळूणचा म्हणजे आपलाच. पेन्शनचं मार्गी लागलं का? डोळा दाखव, पुढे ढकलू नकोस.

आणि एक. १९८७ साली त्या फणसाखाली ठासणीच्या बंदुकीची केप, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, फुटली, बार झाला नाही, नि तू नळी फिरवून बघायला गेलास. मग ती वाजली. माझ्या कानाशेजारून छर्रे खोडात गेले. तू म्हणालास बंदुकीची दारू ओली होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, तुझीच घाई. त्यावर आपण दोन वर्षं बोललो नाही. बाळू, दारूचं शिंग रात्रभर मीच अंगणात दवात विसरलो होतो. पहाटे उचलून खुंटीला लावलं नि गप्प बसलो. नळी फिरवलीस ते चुकलंच, पण ती वेळ माझ्यामुळे आली.

त्या रात्री साठ मोजताना हेच डोळ्यांसमोर होतं.

मकरसंक्रांतीला ये. मिस्त्रीकडे दोघे जाऊ, दुनळी तू हातात धरून बघ, मग पैसे देईन. फणस अजून धरतो. खोडातले छर्रे सालीने झाकलेत, पण बोट फिरवलं की लागतात.

तुझा,
सदा