काहूनचा रकाना

आर्वी, जि. वर्धा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. कचेरीच्या गोपनीय अहवालातल्या स्वयंमूल्यमापनाच्या रकान्यात तू दरसाल मागच्याच ओळी उतरवतोस, हे वाचून हसू आलं. शेतीवाल्याला असलं काही लागत नाही, तुमचं बरं आहे, म्हणतोस. उलट आहे बावा.

पाऊस साधला अन् भाव मिळाला, की आंधळेपणानं केलेली पेरणीही शहाणपणाची ठरते. नाही साधलं, तर शहाण्याचंही वावर बसतं. नुसत्या क्विंटलवरून आपलं डोकं कसं चाललं ते कळत नाही. त्यात हंगाम सरला की पारावर जो तो ‘मी तं आधीच म्हटलं होतं’ म्हणायला मोकळा. म्हणून मी पीक हाती यायच्या आधीच वहीत लिहितो : काय केलं अन् काहून, म्हणजे कशासाठी, केलं.

त्या ‘काहून’पाशीच गाडी अडते. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडअळीची फवारणी करायची, काहून? ‘शेजाऱ्यानं मारली’ असं लिहायला हात धजत नाही. ‘कृषी केंद्रवाल्यानं सांगितलं’ हे त्याहून वाईट, त्याला बाटली खपवायची असते. मग उठावंच लागतं. मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले का पाहायचं. वावरातून वीस हिरवी बोंडं आणून ओसरीवर फोडायची. वरून बोंड ठणठणीत असतं, आत सरकी पोखरत अळी बसलेली. दोन बोंडांत निघाली तर फवारा, नाहीतर पंप खुंटीला. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. तेव्हापासून उगाच एक पंपही मारायचा नाही, असं आमच्या घरात ठरलंय.

गांधीजी आश्रमातल्या लोकांना रोजनिशी लिहायला लावत. सेवाग्रामच्या सहलीत गुरुजी हे सांगत होते तेव्हा तुझं-माझं चित्त डब्यातल्या पुऱ्यांवर! रोजच्या पापपुण्याचा हिशेब मला झेपायचा नाही. रात्री अंथरुणात स्वतःला कोसत पडलं की झोप तेवढी जाते. तूही एखादी फाईल परत पाठवलीस की काहून पाठवली ते दोन ओळींत टिपून ठेव, मार्चमध्ये रकाना भरायला डोकं खाजवावं लागणार नाही.

इकडे वेचणीला बाया मिळेनात. फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही जास्तीच्या कापसासाठी राखलेली पऱ्हाटी, यंदाही ठेवणार नाही. पऱ्हाटी उभी राहिली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, हे कारण आत्ताच लिहून ठेवलंय. जानेवारीत भाव चढला की बाबा म्हणतीलच, ‘राहू दे रे अजून.’ तेव्हा हेच पान त्यांच्यापुढे धरीन.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र