आई-बाबांना पत्र : वाळवंटातल्या एका रात्रीविषयी

जोधपूर,
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

जानेवारीत तुम्ही दोघे माझ्याकडे याल तेव्हा एक रात्र जैसलमेरच्या पुढे वाळवंटात, तंबूत काढावी, असे मी फोनवर सुचवले होते. त्यावर आईने "वाळूत काय बघायचं?" असे विचारले आणि बाबांनी "तंबूतच झोपायचं तर आपलं गंगापूर धरण काय वाईट आहे?" असे म्हणून विषय संपवला. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि फोनवर त्यांची नीट उत्तरे देता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तंबूविषयी. बाबांच्या डोळ्यांपुढे एनसीसीच्या शिबिरातली ताडपत्री आणि खाली अंथरलेली सतरंजी असणार. येथे ज्याला सगळे स्विस टेंट म्हणतात, ती प्रत्यक्षात सिमेंटच्या चौथऱ्यावर उभी केलेली दुहेरी कापडाची खोली असते. आत पलंग, गादी, जाड रजया आणि विजेचा दिवा असतो, आणि मागच्या बाजूला जोडूनच न्हाणीघर असते, ज्यात कमोड असतो. आईच्या गुडघ्यांचा विचार करता या यादीतली शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची आहे, आणि बुकिंग करताना मी तीच सर्वांत आधी विचारून घेणार आहे. दुसरा प्रश्न गरम पाण्याचा. काही ठिकाणी गिझर असतो, काही ठिकाणी सकाळी सांगितल्यावर बादली आणून देतात. बादली मिळाली तरी आपले भागते, मात्र ती किती वाजता मिळेल हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे लागते.

कापडाच्या भिंतीने दोन गोष्टी अडत नाहीत, थंडी आणि आवाज. थंडीचे म्हणाल तर निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचणाऱ्या माणसांना मी थंडी काय शिकवणार! तरीही येथली थंडी वेगळ्या तऱ्हेने येते. हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि वाळू उष्णता धरून न ठेवणारी असल्यामुळे दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि सूर्य मावळल्यावर तासाभरात कानटोपी शोधावी लागते. जानेवारीत पहाटे तापमान सात-आठ अंशांपर्यंत सहज उतरते, कधी त्याच्याही खाली. तेव्हा शाल नव्हे, स्वेटर, पायमोजे आणि आईची ती गरम पाण्याची रबरी पिशवी आणावी. ती पिशवी रजईत तासभर आधी सरकवून ठेवली की झोपेची काळजी मिटते.

आवाजाचा अनुभव मात्र मला गेल्या जानेवारीत चांगलाच आला. आम्ही कार्यालयातले काही जण जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या सम येथे राहिलो होतो. तेथे वाळूच्या टेकड्यांच्या कडेने एकाला लागून एक असे तंबूंचे तळ आहेत, आणि आमच्या तळावर लोककलावंतांचा कार्यक्रम आटोपताच मोठमोठे कर्णे लावून मध्यरात्रीपर्यंत चित्रपटगीते वाजवली गेली. शेजारच्या तळाची गाणी वेगळी होती, त्यामुळे आम्हाला दोन्हींचा लाभ झाला. रामकुंडावर कुंभमेळ्याच्या गर्दीत शांतता शोधण्यासारखाच तो प्रकार होता. म्हणून तुमच्यासाठी मी सम बाजूला ठेवले आहे. दिवाळीनंतर आम्ही खुडीला जाऊन आलो. हे गाव जैसलमेरच्या नैर्ऋत्येला आहे, अंतर साधारण तेवढेच आहे, पण वस्ती लहान, घरे मातीने सारवलेली आणि टेकड्या गावाला लागूनच आहेत. तेथे रात्री दहानंतर ऐकू येते ती एखाद्या बकरीच्या गळ्यातली घंटा.

आईच्या मनात वाळवंट म्हणजे क्षितिजापर्यंत नुसती पिवळी वाळू असेल, तर ते चित्र थोडे पुसून टाकावे लागेल. जैसलमेरच्या आसपासची जमीन बरीचशी खडकाळ आणि झुडपांची आहे. पोस्टरवर दिसणाऱ्या टेकड्यांचे पट्टे त्यात अधूनमधून येतात. वाटेत शेळ्या-मेंढ्या भेटतात, पवनचक्क्या भेटतात, आणि आपल्याकडे शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात त्या रुईची भावकी तर जागोजागी भेटते. खेजडीचे झाड दाखवीन तेव्हा ते तू ताबडतोब ओळखशील, कारण दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी हीच. तिच्या कोवळ्या शेंगा वाळवून ठेवतात, त्यांना सांगरी म्हणतात, आणि कैर नावाच्या काटेरी झुडपाच्या आंबट-तुरट फळांबरोबर त्यांची भाजी करतात. पाऊस जेथे वर्षाला सरासरी २०० मिलीमीटरच्या आसपासच पडतो, तेथे भाजीवालीची वाट न पाहता वर्षभर टिकणारी भाजी कशी निर्माण झाली, हे तुझ्यासारख्या कुरडया-सांडगे घालणाऱ्या बाईला मी सांगायला नको.

त्याच वाटेवर, थोडा वळसा घेऊन, कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास सोडून दिलेले गाव आहे. गाइड तेथे भुतांच्या गोष्टी सांगतात. मला त्यात रस वाटला नाही, पण या लोकांच्या खडीन नावाच्या पद्धतीत वाटला. उताराच्या तळाशी लांब मातीचा बांध घालून पावसाचे वाहते पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्याच ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. तुझ्या माहेरी, बागलाणात, मोसम नदीवरचे फड पाहत तू मोठी झालीस, त्यामुळे पाणी वाटून घेणाऱ्या शेतीकडे तू माझ्यापेक्षा जाणत्या नजरेने पाहशील.

उंटावर बसण्याचा आग्रह तेथे प्रत्येकजण करतो, आणि तुम्ही दोघांनीही तो मोडून काढायचा आहे. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे वर बसलेला माणूस एकदम पुढे झुकतो, आणि पुढचे पाय उचलले की तितक्याच जोराने मागे जातो. बसतानाही असेच दोन हिसके बसतात. बाबांच्या मणक्याला हे परवडणारे नाही. टेकड्यांवरून जीप उड्या मारत नेतात तो प्रकार तर मी तरुण असूनही एकदाच केला आणि नंतर दोन दिवस कंबर धरून बसले. तुमच्यासाठी उंटगाडी ठरवीन. ही लाकडी फळ्यांची सपाट गाडी असते, वर गादी घालतात, उंट सावकाश चालतो, आणि तिची चाके बाबांना नक्की आवडतील, कारण या भागातल्या उंटगाड्यांना विमानांचे जुने टायर बसवण्याची पद्धत आहे. खुडीत मी एका गाडीखाली वाकून पाहिले. टायरची नक्षी पार झिजून गुळगुळीत झालेली होती, पण बाजूला उमटवलेले आकडे बोटाने चाचपता येत होते. रुंद आणि गुळगुळीत असल्यामुळे तो वाळूत रुतत नाही. ओझरला आयुष्यभर मिग आणि सुखोईंच्या सान्निध्यात काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर विमानाच्या टायरवरून ताशी चार किलोमीटर वेगाने जावे, यातला विनोद मला फार आवडला आहे. सुखोई तर येथे जोधपूरच्या आकाशातही रोज भेटतात, त्यांचा आवाज झाला की मला तुमची आठवण येते.

गाडी टेकडीच्या पायथ्याशी सोडते, तेथून थोडे चालायचे असते. वाऱ्याकडची बाजू लांबट उताराची आणि दाबून बसलेली असते, तिच्यावर पाऊल फारसे रुतत नाही. पलीकडची आडोशाची बाजू तीस अंशांहूनही उभी असते आणि पाय ठेवताच खाली सरकते, त्यामुळे तिकडे जायचे नाही. माथ्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही, अर्ध्यावर सतरंजी टाकून बसले तरी पुरते. बाबा, गंगापूर धरणाच्या तुलनेचे उत्तर मला येथे द्यायचे आहे. नाशिकमध्ये कोणत्याही गच्चीवर उभे राहिले तरी कोठेतरी डोंगर असतोच, पांडवलेणी नाही तर रामशेज, नाही तर लांबवर अंजनेरी, आणि सूर्य त्या डोंगराआड जातो तेव्हा त्याचा मावळण्याआधीचा बराचसा प्रवास आपल्याला दिसतच नाही. येथे मध्ये काहीच नाही. सूर्य थेट जमिनीला टेकताना दिसतो, आणि त्यानंतर पूर्वेकडे पृथ्वीची निळसर सावली हळूहळू वर चढते, ती पाहण्यासाठी पाठ फिरवायची मात्र आठवण ठेवावी लागते, कारण तोपर्यंत बाकी सगळे चहाला पळालेले असतात.

रात्रीच्या जेवणात दाल-बाटी-चुरमा असतो आणि तुपाची कंजुषी नसते. बाबांची साखर आणि आईचे पित्त लक्षात घेता बाटी एकच घ्यावी. बाजरीची भाकरी मिळतेच, आणि आधी सांगितले तर साधी खिचडीही करून देतात. जेवणाआधी शेकोटीभोवती मांगणियार गातात. हे पिढीजात गवई मुसलमान आहेत आणि त्यांचे परंपरागत यजमान बरेचसे राजपूत, त्यामुळे बारसे असो वा लग्न, त्या घरची गाणी तेच जपत आले. हातातल्या दोन-दोन लाकडी पट्ट्या वाजवतात ती खडताल, आणि गजाने वाजवायचा रुंद, गोल पोटाचा कमायचा. कमायचा वाजवणारे वृद्ध गृहस्थ भेटले तर आईने त्यांना गणपतीचे काहीतरी म्हणायला सांगावे, पुष्कळदा ते सुरुवातच त्याने करतात.

यानंतरचा भाग बाबांसाठी आहे, आणि त्यासाठीच तारीख विचारपूर्वक ठरवायची आहे. पुष्कळ लोक चांदण्या रात्रीचा हट्ट धरतात. वाळूवर चांदणे सुंदर दिसते हे खरे, पण मग तारे दिसत नाहीत. आपण अमावस्येच्या आसपास जावे. जानेवारीत रात्री आठच्या सुमारास कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर असतो, त्याच्या पूर्वेला रोहिणी, मग मृग आणि खाली व्याध. ध्रुवतारा नाशिकला क्षितिजापासून वीस अंशांवर असतो, तो जैसलमेरला सत्तावीस अंशांवर चढलेला दिसेल, आणि दक्षिणेचा अगस्ती तितकाच खाली उतरलेला. एवढा फरक हाताच्या वितीने मोजता येतो, आणि तुम्ही तो मोजल्याशिवाय झोपणार नाही याची मला खात्री आहे.

सकाळी सूर्य सव्वासातनंतर उगवतो, तेव्हा पहाटे चारला उठून बसण्याचे कारण नाही. पण उजाडताच, लोकांची पावले उमटण्याआधी, वाळूच्या बारीक लाटांवरून काळ्या भुंगेऱ्यांनी काढलेल्या दुहेरी टिंबांच्या रांगा पाहायला मिळतात. मी त्यातली एक रांग धरून गेले, तर ती रुईच्या बुंध्याशी एका चिमुकल्या बिळात संपली. वाळू इतकी बारीक असते की थर्मासच्या झाकणाच्या आट्यांत आणि बॅगेच्या चेनमध्ये जाऊन बसते. म्हणून औषधे, चष्मा आणि मोबाइल वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवावेत.

औषधांवरून आठवले. तेथून मोठे रुग्णालय जैसलमेरलाच, म्हणजे पाऊण-एक तासावर आहे. त्यामुळे जोधपूरहून केलेली गाडी आणि चालक रात्रभर तळावरच थांबतील, असे मी ठरवले आहे. हा खर्च बाबांना अनावश्यक वाटेल, पण यावर चर्चा नको. जोधपूर ते जैसलमेर हा पोखरणमार्गे पाच तासांचा रस्ता आपण एका दिवशी करू, रात्री जैसलमेरात मुक्काम करू, आणि दुसऱ्या दिवशी किल्ला सावकाश पाहून दुपारी खुडीकडे निघू. वाळवंटात रात्र एकच, दोन नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच सगळे पुन्हा होते आणि अंगही आंबते.

माझ्या मनात पौष वद्य त्रयोदशीची रात्र आहे. संक्रांत तोपर्यंत होऊन गेलेली असेल, माघी गणेशजयंतीपर्यंत तुम्ही नाशिकला परत पोहोचाल, आणि रथसप्तमीपर्यंत मुदत असल्यामुळे आईचे हळदीकुंकूही चुकणार नाही. माघी पौर्णिमेला जैसलमेरचा मरु महोत्सव असतो आणि तेव्हा तंबूंचे दर पाहवत नाहीत, तेही टळेल. नाशिकरोडहून पंचवटीने निघावे, एक रात्र बोरिवलीला मावशीकडे राहावे आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच जोधपूरची सूर्यनगरी एक्सप्रेस धरावी. आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, म्हणजे तुमच्या गाडीचे येत्या तीन-चार दिवसांत उघडेल, आणि मी दोन्ही खालचे बर्थ मागणार आहे. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, हे बाबांनी मला पुन्हा सांगू नये. पंचांग पाहून तारीख पटते का तेवढे रविवारपर्यंत कळवावे, आणि आधारकार्डांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावेत. आईचा मागच्या वेळी धूसर आला होता.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मनू